ओठावरचा निळा

निळा आपला रंग. झेंड्याचा, भिंतीवरच्या अक्षरांचा. तोच रंग पोराच्या ओठांवर पाहिला आणि माझी बोबडी वळली.

३१ जुलै होती. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. म्हणून दरसाल तिथं आपली माणसं जमतात. धुळे बायकोचं माहेर. अडीच महिन्यांचं पोर घेऊन ती आली होती. गर्दीत पोर रडायला लागलं. रडता रडता ओठ, जीभ, नखं निळी. सासू आधीच म्हणायची, "रडस तवय निया व्हई जास." आम्ही कानाआड केलं होतं. गर्दीतल्या एका नर्सबाईनं पोर घेतलं, दोन्ही गुडघे दुमडून छातीला लावले. हळूहळू रंग परतला. बाई म्हणाली, "उद्याच्या उद्या हृदयाची तपासणी करा. दृष्ट काढत बसू नका."

तपासणीत चार दोष निघाले. हृदयातल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, आणखी दोन. म्हणून अशुद्ध रक्त तसंच अंगभर फिरतं. आधी एक छोटं ऑपरेशन, पोर मोठं झालं की दुसरं मोठं.

मग कागद. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला. खर्चाची योजना महात्मा फुल्यांच्या नावाची. मी जळगावला डाळमिलमध्ये पोती वाहतो. रजा मागितली तर मुकादम म्हणाला, "पोर तुझं आजारी, गाडी माझी भरायची." रोज बुडाला तो बुडाला.

डॉक्टरनं बजावलं होतं: वजन वाढवा, सर्दी-ताप आला तर तारीख पुढं जाईल. मिलमधून तुरीची भुकटी अंगावर घेऊन यायचो. आंघोळ केल्याशिवाय पोराला हात लावायची बंदी. माझ्या आज्याची सावली लोकांना चालत नव्हती, आणि मी स्वतःच्या पोराची शिवाशिव पाळत होतो. पण ही मला मान्य होती. ती जात विचारत नव्हती, हात धुतलेत का एवढंच विचारत होती.

मायनं पोराच्या दंडाला काळा दोरा बांधला. मी भांडलो, बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. ऑपरेशनच्या सकाळी परळच्या दवाखान्यात सिस्टरनं तो दोरा कापून माझ्या हातात दिला. पोर आत गेलं. जिन्याखाली एक देव्हारा होता. माझे हात जुळले. हे लिहितोय, कारण लपवलं तर माझ्या सगळ्या कविता खोट्या. बायको चौथी शिकलेली. ती बाकावर बसून वाटीत दूध काढत होती, पोर शुद्धीवर आलं की लागेल म्हणून. तिच्या हातांना काम होतं. माझे रिकामे होते. रिकामे हात लगेच जुळतात.

याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि रमाई राहत होते. १९२६ च्या जुलैत त्यांचा राजरत्न गेला. चार लेकरं गेली त्यांची. बाकावर बसून मी तेच मोजत होतो.

पोर बाहेर आलं तेव्हा नळ्यांत गुंडाळलेलं. पण ओठ लाल. केसपेपरवर लिहिलं होतं 'बीटी शंट'. एका तरुण डॉक्टरला विचारलं, बीटी म्हणजे काय? म्हणाला, "ब्लॅलॉक आणि टॉसिग, दोन डॉक्टर." रात्री मोबाईलवर शोधलं तर तिसरा माणूस निघाला. विवियन थॉमस. काळा, अमेरिकेतला सुतार. डॉक्टर व्हायचं होतं, पण मंदीत बँक बुडाली, शिकायला साठवलेले पैसे गेले. प्रयोगशाळेत कामाला लागला, पगार झाडूवाल्याच्या दर्जाचा. ही शस्त्रक्रिया त्यानं कुत्र्यांवर करून करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरला पहिल्या निळ्या मुलीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो ब्लॅलॉकच्या मागं स्टुलावर उभा राहून टाका कुठं, कसा हे सांगत होता. नाव मात्र दोघांचंच झालं. मानाची डॉक्टरेट मिळाली १९७६ साली. आता काही जण त्याचंही नाव जोडून म्हणतात.

माझ्या पोराच्या छातीतली नळी या माणसाच्या हातांनी आधी शिवलेली. आणि मी हात जोडले होते देव्हाऱ्यापुढं.

घरी येताना सांगितलं: काखेत धरून उचलू नका, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवू नका. जुलाब, उलट्या, ताप, दूध न ओढणं, लगेच दवाखाना. अंगातलं पाणी आटलं तर नळीत रक्त गोठतं. जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हे सांभाळणं म्हणजे काय, ते बायकोला विचारा. दोन महिने ओली चादर दाराला, आणि रात्री तीनदा उठून पोराची नखं बघणं.

दोस्तहो, वस्तीत मूल जन्मलं की पेढे खा, पण ते रडताना त्याचे ओठ, जीभ, नखंही बघा. निळी दिसली तर अंगणवाडीच्या बाईला सांगा, दवाखाना गाठा. शाळा-अंगणवाडीत मुलं तपासणारी सरकारी पथकं २०१३ पासून आहेत. त्यांना वस्तीत बोलवा. आपण मोर्चे काढतो, हेही काढू.

दुसरं ऑपरेशन बाकी आहे. केसपेपर जपून ठेवलाय. त्यावर बी आणि टीच्या मधे मी पेनानं लिहिलंय: थॉमस.