श्यामला हिल्सच्या उतारावर

इंदूरहून भोपाळला आम्ही आजवर अनेकदा गेलो, पण बहुधा कार्यालयातील एखादा अडलेला कागद पुढे सरकविण्यासाठी. गेल्या हिवाळ्यात मात्र परिसंवादाचे निमंत्रण खिशात होते. देवास, आष्टा, सीहोर मागे टाकून बस भोपाळात शिरली आणि मोठ्या तलावाचे पाणी दृष्टीस पडताच प्रवासाचा शीण उतरला. कोलांस नदीला बांध घालून परमार राजा भोजाने अकराव्या शतकात हा तलाव निर्मिला, असे परंपरा सांगते.

तलावाकाठच्या श्यामला हिल्सवर क्षेत्रीय शिक्षा संस्थान आहे. १९६३ च्या सुमारास देशात अशी चार संस्थाने उभी राहिली, त्यांतील हे एक. मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र व गोवाही त्याच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने त्या आवारात मराठी हमखास कानी पडते.

परिसंवादाचा विषय होता शिक्षकांचे मोबाइलवरील प्रशिक्षण. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हा सरकारी मंच सुरू झाला. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले आणि करोनाच्या साथीत, ऑक्टोबर २०२० पासून, त्याचे १८ पाठ याच मंचावरून शिक्षकांच्या हातातील फोनवर येऊ लागले. आमच्या शाळेने ते शंभर टक्के पुरे केले होते. त्याची हकीकत सांगण्यासाठीच आम्हांस पाचारण झाले होते.

त्या शंभर टक्क्यांत एक खडा होता. शाळेतील एक ज्येष्ठ बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “सर, प्रमाणपत्र माझ्या नातवाच्या नावे काढा. अठराही पाठ त्यानेच केलेत.” आम्ही हसलो आणि तक्ता वर पाठवून दिला. इतरही कित्येकांनी आवाज बंद करून चित्रफिती नुसत्याच चालू ठेवल्या, हे आम्हांस ठाऊक होते. घाई आमचीच होती. रोज सायंकाळी “किती झाले?” एवढाच आमचा निरोप जाई. “काय कळले?” असे आम्ही कोणासही विचारले नाही.

परिसंवाद दुसऱ्या दिवशी होता, म्हणून दुपारी भारत भवन पाहावयास गेलो. १९८२ साली खुली झालेली ही वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या कल्पनेतली. वरून आत शिरावे आणि गच्चीमागून गच्ची उतरत पाण्याकडे जावे, अशी तिची ठेवण आहे. टेकडी सपाट न करता तिचा उतारच कामी आणला आहे. पायऱ्यांवर बसलो असता मनात आले, की आम्ही मात्र शिक्षकांचा उतार न पाहताच इमला चढविला. बाईंचे वय, घरचे काम, एकाच फोनवर होणारा नातवाचा अभ्यास, यांतील काहीच आमच्या हिशेबात नव्हते.

दुसऱ्या दिवशी लिहून नेलेले भाषण बाजूस ठेवून आम्ही ही हकीकत जशीच्या तशी सांगितली. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. मग कोकणातून आलेल्या एक शिक्षिका उठल्या. त्यांच्या गावी फोनला रेंज मिळते ती देवळामागच्या चढावर. तेथे पाठ उतरवून घ्यायचा, मधल्या सुट्टीत चौघींनी मिळून दहा मिनिटे पाहायचा, दुसऱ्याच दिवशी वर्गात करून बघायचा आणि जे फसले त्यावर शनिवारी बोलायचे, असा त्यांचा क्रम. त्यांची टक्केवारी शंभर नव्हती. पण कोणता पाठ कोणत्या वर्गात कामी आला, हे त्या नेमके सांगू शकत होत्या. आम्हांस ते सांगता आले नसते.

इंदुरास परतल्यावर आम्ही बाईंच्या घरी गेलो. त्या आता सेवानिवृत्त आहेत. आम्ही झाले ते सांगून क्षमा मागितली. चहाचा पेला पुढे करीत त्या म्हणाल्या, “सर, त्यातला गणित शिकविण्याचा पाठ चांगला होता म्हणे. नातू सांगत होता. कोणी शेजारी बसून दाखविला असता, तर मीही पाहिला असता.”

आता शनिवारी मधल्या सुट्टीत आम्हीही शिक्षकांबरोबर बसतो. तक्ता अजून वर जातोच, पण आधी “काय कळले?” हे विचारून.