‘ह्वा’ : डॉ. कोटणीसांच्या चिनी नावातील अखेरचे अक्षर

१/ सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ‘के दिह्वा’ या नावाने ओळखले जातात. ‘के’ आणि ‘दि’ ही अक्षरे त्यांच्या आडनावाच्या उच्चारावरून आली. ‘ह्वा’ मात्र मूळ नावात कोठेच नाही. ते तेथे का आले, याची ही कथा. (थ्रेड)

२/ चिनी लिपीतील अक्षराला ध्वनीइतकाच अर्थही असतो. ‘ह्वा’ म्हणजे मुळात बहरलेल्या झाडाचे चित्र. फूल हा त्याचा आद्य अर्थ. पुढे त्याला तेज, शोभा, वैभव असे अर्थ चिकटले. ते इतके रुळले की साध्या फुलासाठी वेगळे अक्षर प्रचारात आणावे लागले.

३/ पिवळ्या नदीच्या खोऱ्यातील लोक स्वतःला ‘ह्वाश्या’ म्हणवीत. सातव्या शतकातील भाष्यकार खोंग यिंगदा याने या शब्दाची फोड अशी केली : शिष्टाचाराच्या थोरवीमुळे ‘श्या’, वस्त्रांच्या सौंदर्यामुळे ‘ह्वा’.

४/ या अभिमानाला दुसरी बाजूही होती. जे ‘ह्वा’ नव्हते ते ‘यी’, म्हणजे परके, असंस्कृत. आपल्याकडील ‘आर्य’ आणि ‘म्लेंच्छ’ या जोडीची येथे आठवण व्हावी. फुलाचे अक्षर अशा रीतीने कुंपणाचे अक्षर झाले. आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे ते ठरवू लागले.

५/ आधुनिक काळात हेच अक्षर राष्ट्राचे नाव झाले. १९१२ चे प्रजासत्ताक असो की १९४९ चे लोकप्रजासत्ताक, दोघांच्या अधिकृत नावांचा आरंभ ‘चोंगह्वा’ या शब्दानेच होतो. मुलांची नावेही त्यावरून ठेवली गेली : ‘च्येनह्वा’ म्हणजे चीन उभारणारा, ‘आयह्वा’ म्हणजे चीनवर प्रेम करणारा.

६/ १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांची चिनी नावे झाली आय दह्वा, च्वो केह्वा, के दिह्वा, बा सूह्वा आणि मू केह्वा. पाचही नावांच्या शेवटी ‘ह्वा’. ज्या अक्षराने शतकानुशतके परक्यांना बाहेर ठेवले, तेच आता पाच परदेशी माणसांच्या नावांत जाऊन बसले.

७/ कोटणीसांच्या नावात आणखी एक अर्थ दडला आहे. ‘दि’ हे एका फुलझाडाचे नाव. ‘शीचिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात भावाभावांतील प्रेमावर एक कविता आहे. तिचा आरंभ याच झाडाच्या फुलांनी होतो, आणि तेथे फुलासाठी अक्षर आहे ‘ह्वा’. त्यामुळे अभिजात चिनी भाषेत ‘दिह्वा’ म्हणजे बंधुप्रेम. सोलापूरच्या आडनावाचा उच्चार जुळवताना हाती आलेला हा अर्थ किती विलक्षण!

८/ चार डॉक्टर मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. आघाडीजवळ त्यांनी असंख्य शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

९/ ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. वडिलांच्या नावात पाहुणा म्हणून आलेले अक्षर मुलाला जन्मतःच लाभले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय ३२. यिनह्वालाही दीर्घायुष्य लाभले नाही. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच तो ऐन तारुण्यात गेला.

१०/ १९५६ पासून चीनमध्ये अक्षरांची सोपी रूपे लागू झाली. नव्या ‘ह्वा’च्या वरच्या भागात आता केवळ उच्चार सुचवणारे चिन्ह आहे, बहरलेले झाड त्यात दिसत नाही. राष्ट्रांची नावे कुंपणेही घालतात आणि दारेही उघडतात. कोणते काम करायचे, हे ती उच्चारणारी माणसे ठरवतात. श्च्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. तेथे येणारा चिनी माणूस त्यांना आजही ‘के दिह्वा’ म्हणूनच ओळखतो.