कराडचे आकाश

दोन नद्या समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात आणि मग हातात हात घालून पूर्वेकडे वळतात, असे दृश्य कराडखेरीज क्वचितच पाहावयास मिळते. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या कन्या. एक वाईवरून येते. दुसरी डोंगरांच्या आडून दक्षिणेस हेळवाकपर्यंत जाते, तेथे एकदम पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराड गाठते. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. प्राचीन ‘करहाटक’ हेच हे नगर. येथे येणारा प्रवासी संगम पाहतो, आगाशिवाची लेणी पाहतो आणि परततो. मात्र या गावाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर मान वर करून त्याचे आकाशही पाहिले पाहिजे.

कराडचा माणूस पावसाळ्यात आधी पश्चिमेकडे पाहतो. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत फार दूर नाही. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार तेथेच रिकामा करतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस, कराडात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका, तर आणखी पूर्वेस माणदेशात त्याहूनही कमी. एकाच जिल्ह्यात एक गाव छत्री मिटत नाही आणि दुसरे चारा-छावणीची वाट पाहते.

म्हणूनच या भागातील वृत्तपत्रांत जूनपासून रोज तीन नावे आकड्यांसह येतात : कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजण्याची आपल्या देशात रीत आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. हा हिशेब मनाशी धरला म्हणजे त्या कोरड्या आकड्यांचे वजन कळते. २२ व २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. कराडचा जवळजवळ वर्षभराचा पाऊस तेथे एका दिवसात पडला!

कराडच्या हवामानाचा हाच विशेष आहे. येथे पूर येतो तो बहुधा येथल्या पावसाने नव्हे. गावावर रिमझिम असावी, क्वचित ऊनही पडावे, आणि संगमाचे पाणी मात्र पायरी-पायरीने वर चढत असावे, असे अनेकदा घडते. कोयना धरणाचा शिवसागर १०५ अब्ज घनफूट पाणी धरतो. त्यातील काही पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरते, वीज देते आणि वाशिष्ठी नदीतून पुन्हा अरबी समुद्रास मिळते. जेथून ढग आले, तेथेच ते परत जाते. उरलेले कराडवरून, सांगलीवरून बंगालच्या उपसागराच्या दीर्घ यात्रेस निघते. धरणाचे दरवाजे उचलले की कराडकर नदीकाठची जनावरे हलवितो आणि सांगलीकरास निरोप धाडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरात किती पाणी आले, याच्या खुणा अनेक भिंतींवर अजून आहेत. दूरच्या डोंगरावरील ढग वाचणे हा येथे छंद नसून व्यवहार आहे.

जुन्या शेतकऱ्यांचे पंचांग वेगळे. मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’, मघा, हस्ताचा ‘हत्ती’ अशी पावसाची नावे. सूर्य ज्या नक्षत्रात असेल, त्याचा तो पाऊस. यात एक मौज आहे. ज्या नक्षत्राचे नाव पावसास मिळते, ते त्या काळात सूर्याच्या तेजात लपलेले असते. मृगाच्या पावसात मृग दिसत नाही. तो पाहावयाचा तर मार्गशीर्ष-पौषापर्यंत थांबावे. तेव्हा उसाच्या रानांवर गारठा उतरलेला असतो, आकाश धुऊन काढल्यासारखे असते आणि तीन ठळक ताऱ्यांसह मृग व त्याच्यामागे लखलखणारा व्याध सदाशिवगडाच्या बाजूने वर येतो. दक्षिणेस क्षितिजापासून फार उंच नसलेला तेजस्वी तारा तो अगस्त्य. पावसाळा सरताना तो पहाटे दिसू लागला की नद्यांचे पाणी निवळते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे.

आता सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असणाऱ्या आपल्या घरांसाठी एक उपयोगाची गोष्ट. घड्याळ सबंध देशाचे एक असले, तरी सूर्य प्रत्येक गावाचा वेगळा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, कराड त्याच्या पश्चिमेस सुमारे सव्वाआठ अंश. म्हणून येथे सरासरीने मध्यान्ह बारा वाजून तेहतीस मिनिटांनी होते. मुंबई आणखी पश्चिमेस आणि उत्तरेस आहे. त्यामुळे आषाढात, चातुर्मासाच्या आरंभी, कराडचा सूर्यास्त सुमारे सव्वासात वाजण्याच्या थोडा आधी होतो, आणि मुंबईचा त्यानंतर सात-आठ मिनिटांनी. मुंबईचे कोष्टक भिंतीवर लावून कराडात चौविहार करणाऱ्याची वेळ त्या दिवसांत चुकते. हिवाळ्यात हेच अंतर दोन-तीन मिनिटांवर येते. ढगाळ आषाढात सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. तेव्हा कोष्टक आपल्याच गावाचे असणे अगत्याचे.

आणखी एक. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, म्हणून सूर्यास्तही तेव्हाच सर्वांत लवकर होत असेल, असे वाटते. वस्तुतः कराडात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या जरा आधी होतो. उलट सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, सात वाजून पाच-सहा मिनिटांनी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारणाऱ्यांनी ते दिवस ध्यानात ठेवावेत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी येथे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा तसाच येतो, पण बहुधा ढगांआड. मुलांना अंगणात काठी रोवून हे अवश्य दाखवावे. घरातील एखाद्या वहीत रोजचा सूर्यास्त, वाऱ्याची दिशा आणि पावसाचे मिलीमीटर एक वर्ष लिहून ठेवावेत. सपाट तळाचे, सरळ कडांचे भांडे आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. दुसऱ्या वर्षी तीच वही उघडली की आपल्या गावाचे आकाश ओळखीचे वाटू लागते, आणि पश्चिमेचा ढग काय घेऊन येत आहे, हे पाणी पायरीला लागण्याआधी कळते.