बेडशाच्या डोंगरावरचा खुळखुळा

कामशेतहून पवना धरणाच्या रस्त्याला लागले, की बेडसे फार दूर नाही. गावामागे डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी आहेत. चारएकशे पायऱ्या चढाव्या लागतात. दिवाळीच्या सुमारास मी सकाळीच निघालो, कारण लेण्यांचे तोंड पूर्वेला आहे आणि कोवळे ऊन थेट खांबांवर येते.

पायऱ्यांच्या कडेला गवत पिकले होते आणि त्यात खुळखुळा फुलला होता. कोणी याला घागरी म्हणतात. कमरेएवढे झुडूप, पिवळी धमक फुले, तांबूस रेघांची. वाळलेली शेंग हलवली की आतले बी वाजते. याचे शास्त्रीय नाव क्रोटॅलॅरिया, तेही ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यावरूनच पडले.

मंडळी, हा आपल्या तागाचा सख्खा भाऊ. एक रोप उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसल्या. नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग, म्हणजे हवेतला नत्र धरण्याचे काम चालू. म्हणून तर असल्या मुरमाड उतारावरही ते हिरवेगार राहते.

पण या झाडाशी माझा जुना हिशेब आहे. नोकरीला नवा असताना एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, गवतात हे येतंय, बैलाला घालू का?" मी पुस्तकी ऐटीत म्हणालो, "घाला की, शेंगवर्गीय आहे, पौष्टिक असणार." काही आठवड्यांनी बैल खंगला, खाणे सोडले आणि गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी यकृत बिघडल्याचे सांगितले, गव्हाणीत काळ्या शेंगा दाखवल्या. विष याच्या सगळ्या अंगात असते, बियांत सर्वांत जास्त. वाळवून ते जात नाही. परिणाम उशिरा दिसतो, त्यामुळे दोष भलत्याचकडे जातो. घोड्याला तर हे फारच बाधते.

त्या घरची मालकीण मला एक शब्द बोलली नाही. चहा मात्र दिला. तो कसा प्यायलो, माझे मला माहीत.

वर पोहोचलो. खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती बसलेले, पाठीवर स्त्री-पुरुष. बैलापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

उतरताना एक बाई गवताचा भारा बांधत होत्या. त्यातही शेंगा वाजत होत्या. "ताई, एवढं निवडून टाका," म्हणालो आणि खाली बसून त्यांच्याबरोबर निवडू लागलो.