पाठमोरा कर्णा

बेळगावहून आपण वर्षातून दोन-चारदा तरी गोव्याला जातो. पण अनमोड घाट उतरला की गाडी थेट समुद्राकडे धावते. यंदा मार्चमध्ये मात्र आम्ही पायथ्याशी मोलेमलाच मुक्काम केला. लेकीला कर्णा पाहायचा होता.

सकाळी वाटाड्याने आम्हाला एका पायवाटेवर थांबवले. "बोलू नका. समोर असला तरी दिसत नाही तो."

वीस मिनिटे नुसताच आवाज. घशातल्या घशात, एकसुरी 'क्यू, क्यू'. लेक कंटाळली. तेवढ्यात वाटाड्याने बोट केले. वेलीवर मैनेहून मोठा, तपकिरी पक्षी आमच्याकडे पाठ करून बसला होता. चाहूल लागली की हा बहुधा असाच बसतो. पोटाचा रंग झाकला जातो. मग तो झेपावला, पानावरची अळी टिपली आणि परत बसला तो आमच्याकडे तोंड करून. काळे डोके, छातीवर पांढरी पट्टी आणि खाली कुंकवासारखा लालभडक! लेकीला फोन काढायचेही भान राहिले नाही.

मादी बदामी रंगाची, वाटाड्या सांगत होता. खाणे मुख्यतः किडे-अळ्या. चोच सुतारपक्ष्यासारखी बळकट नाही, म्हणून घरट्यासाठी कुजून मऊ झालेला बुंधाच लागतो. पावसाळ्याआधी जोडी मिळून तो पोखरते. त्यालाच महिनाभर जातो. मग बहुधा दोन अंडी. जंगल 'साफ' करायला वठलेली झाडे उचलली, की कर्णाचे घरच गेले.

परतताना लेक हळूच म्हणाली, "आई, आपल्या फणसाचं काय?"

खानापूरजवळच्या आमच्या घरामागे, परड्याच्या टोकाला एक वठलेला फणस आहे. "उभा आहे तोवर असू दे," असे मामंजी दोन वर्षे सांगत होते. मला तो अशुभ वाटायचा. पुढच्या रविवारी तोडणारा येणार होता.

लोंढ्याला चहाला थांबलो, तेव्हा मी त्याला फोन करून नको म्हणून सांगितले. परड्यात कर्णा यायचा नाही, हे ठाऊक आहे. पण तांबटही सुक्या लाकडातच घर कोरतो.

मामंजींना सांगितले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी खुर्ची मात्र परड्याकडे तोंड करून ठेवली.