रीतिभूतकाळ

मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ नावाचा एक काळ आहे. 'तो रोज नदीवर जात असे', 'ती पहाटे दळत असे' ही त्याची ठरलेली उदाहरणे. गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आहे. पण खरे सांगायचे तर या बिचाऱ्या काळाकडे माझे कधी फारसे लक्ष गेले नव्हते. परीक्षेत त्यावर एखाद्या मार्काचा प्रश्न यायचा, तेवढीच त्याची किंमत. २०२५ च्या मे महिन्यात आमचे आप्पा गेले आणि त्या काळाशी माझी खरी ओळख झाली.

आप्पा मोशीला राहत. पाहा, मी 'राहत' असे लिहून गेले. सहज लिहिता यायला मला पाच महिने लागले.

टेल्कोत नोकरी करीत असतानाच त्यांनी मोशीत दोन गुंठे जागा घेतली. तेव्हा मोशी म्हणजे नाशिक रस्त्यावरचे एक खेडे. भोवती ज्वारी, बाजरी, कांदा, खाली इंद्रायणी. "एवढ्या लांब रानात जाऊन राहायचे?" म्हणून आमच्या आत्याबाईंनी नाक मुरडले होते. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पाहता पाहता रानाचे शहर झाले. आता आमच्या बैठ्या घराच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. आप्पांनी लावलेल्या आंब्याला दुपारनंतर ऊन मिळत नाही, याची त्यांना फार चुटपुट असे.

त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे पाचला उठले. आंब्याला पाणी घातले, चहा घेतला आणि ओट्यावरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. आईने आतून विचारले, "आणखी अर्धा कप टाकू का?" उत्तर आले नाही. वाचता वाचता डोळा लागला असेल म्हणून तिने चहा टाकलाही. तो घेऊन ती बाहेर आली तेव्हा पेपर मांडीवरून खाली घसरला होता. शेजाऱ्यांनी १०८ ला फोन केला, गाडी आली, डॉक्टरांनी पाहिले आणि मान हलवली. निगडीहून मी पोहोचले तोवर ओट्यावर गावातली माणसे जमली होती. चहाचा कप तिथेच होता, त्यावर साय धरली होती.

हृदय असे एकाएकी थांबते तेव्हा पहिली काही मिनिटेच काय ती हातात असतात, हे मला नंतर कळले. छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, चांगले दोन इंच खोल दाबत राहावे लागते. आणि तसे कोणी केले नाही तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक माणूस वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. आईला हे ठाऊक नव्हते. एम. ए. झालेल्या मलाही नव्हते. जुलैत आमच्या कॉलेजात याचे प्रशिक्षण झाले. रबरी पुतळ्याची छाती दाबताना मी दोन मिनिटांत घामाघूम झाले. शिकवणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, छान जमतंय तुम्हाला." मी हात धुवायचे निमित्त करून बाहेर गेले.

भेटायला येणारे जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलत. "पुण्यवान माणूस! अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही." त्यांच्या मनात माया होती, आणि आप्पांपुरते ते खरेही असेल. पण माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांना भरवताना, कूस बदलून देताना आम्ही दोघी कितीदा तरी भांडलो आणि कितीदा तरी हसलो. त्या गेल्या तेव्हा मी रडले, पण मोकळी रडले. आप्पांनी माझ्या हातून औषधाचा एक घोटही घेतला नाही. त्रास दिला नाही म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांच्या मुलांपाशी फेडायला काही उरलेलेच नसते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि माझ्यापाशी तर एक थकबाकी होती. आदल्या रविवारी त्यांचा फोन आला होता. "मोकळी झालीस की ये गं एकदा. कपाटातले कागद तुला दाखवायचेत." मी म्हणाले, "आप्पा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपू दे, मग येते." ते म्हणाले, "संपव, संपव. काही घाई नाही." एवढेच शेवटचे बोलणे.

दहाव्याला आम्ही इंद्रायणीच्या घाटावर होतो. यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले, हे तुम्हाला आठवत असेल. झोडपणाऱ्या पावसात धाकट्याने पिंड ठेवला. कावळा फिरकेना. अशा पावसात तो तरी कसा येणार! पण नातेवाईक तेवढ्याने कुठे ऐकतात? "काहीतरी इच्छा राहिली असेल. बोला, शब्द द्या." धाकटा म्हणाला, "आईला सांभाळीन." कोणी म्हणाले, "आंब्याला पाणी घालू म्हणावं." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. तरीही पदर डोक्यावर घेऊन मी पुढे झाले आणि पिंडाजवळ वाकून पुटपुटले, "आप्पा, कागद बघते मी." कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

त्या घाटावर उभी असताना एक गोष्ट मनात येऊन गेली. हीच नदी वर देहूला, खाली आळंदीला. आळंदीची ती चार भावंडे आईवडिलांना एकदमच पारखी झाली. देहूला १६५० साली तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. धाकट्या नारायणाने वडिलांचे तोंड पाहिलेच नाही. त्याच नारायणबाबांनी पुढे १६८५ च्या सुमारास वडिलांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, पालखी सोहळ्याची माहिती म्हणून, एका वाक्यात. ज्या बापाचा एक शब्दही कानावर पडलेला नाही, त्याचे पायताण डोक्याशी धरून मुलगा कोसचे कोस चालतो, म्हणजे त्याच्या मनात काय असेल, हे मी कधी थांबून पाहिले नव्हते. आप्पांच्या चपला अजून दाराशीच आहेत. आई रोज केर काढताना त्या उचलते आणि केर काढून झाला की जिथल्या तिथे ठेवते.

तेराव्यानंतर मी कपाट उघडले. एक जाड फाईल. घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, विजेची बिले, बँकेची पुस्तके. प्रत्येकावर आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी. शेवटी हयातीच्या दाखल्यांचा गठ्ठा. १९९५ च्या योजनेतली त्यांची तुटपुंजी पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागे. अलीकडे ते काम यंत्रावर बोट टेकवून होई. नोव्हेंबरात तिकडून आले की ते आईला सांगत, "सरकारने मला आणखी एक वर्ष दिले बरं का!" या दाखल्यांच्या खाली मी महापालिकेतून आणलेला दाखला ठेवला. त्याच्या अर्जावर नाव लिहिताना 'कै.' लिहायचे की नाही, म्हणून मी खिडकीपाशी कितीतरी वेळ उभी होते. माझ्यामागे रांग खोळंबली होती.

फाईल दोनदा पाहिली. सगळे इतके नीट लावलेले, की कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मग त्यांना दाखवायचे होते ते काय? का नुसतेच मला बोलवायचे होते? धाकट्याला विचारले तर तो म्हणाला, "ताई, आता हे उकरू नकोस." असो.

सुट्टीच्या दिवशी मी मोशीला जाते. आम्ही दोघे भावंडे आता सफाईने 'आप्पा पाचला उठत', 'आप्पांना गूळ आवडे' असे बोलतो. मरण एकदाच घडते, त्याला साधा भूतकाळ पुरतो. पण माणूस हरवतो तो त्याच्या रोजच्या करण्यातून, आणि त्या करण्यासाठी आपल्या भाषेने निराळे रूप राखून ठेवले आहे. आईला मात्र ते रूप अजून जमत नाही. आम्हीही तिला सुधारत नाही.

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. घरात कढई चढायची नाही. डबे येतील ते शेजारपाजारचे. परवा समोरच्या वहिनी विचारायला आल्या, "काकू, चकली किती तिखट करू?"

आई निवडत असलेल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, "बेतानेच करा हो. ह्यांना तिखट सोसत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं काकू, बेतानेच करते."