उरलेला एक

ताप उतरला, पण अंगात त्राण नाही. कुंभार पिंपळगावच्या घरी ओसरीत पडून नातीचं गणित ऐकतो. अंकांच्या बेरजेला ९ने भाग गेला, की संख्येलाही जातो. "पण का, आजोबा?" आम्ही हे नुसतं पाठ केलं होतं. दहातून नऊ काढले की एक उरतो, शंभरातून नव्याण्णव काढले तरी एकच. म्हणून प्रत्येक अंक आपल्यापुरताच उरतो. किती निर्मळ आहे हे!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर आठवतात. त्यांनी १९४९ साली ६१७४ शोधला. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्यावेत, उतरत्या मांडणीतून चढती वजा करत राहावं. सात पायऱ्यांच्या आत तोच येतो. अंक तेच, म्हणून प्रत्येक वजाबाकीला ९ने भाग जातो, इतकं उमगतं. पण शेवटी तोच का? नात १९४९च घेऊन बसलीय. चौथी वजाबाकी चाललीय, १९९८.